परळ : एका गावाच्या विलयाचा इतिहास

(१)

शहराचा इतिहास लिहिणारे बहुधा त्याच्या केंद्रापासून आरंभ करतात. किल्ला, बंदर, बाजारपेठ आणि कचेऱ्या यांचे वर्णन झाल्यावर ते भोवतालच्या गावांकडे वळतात, आणि शहराच्या वाढीत ही गावे 'सामावली गेली' एवढे एक वाक्य लिहून पुढे जातात. वस्तुतः या एका वाक्यात दोन-तीन शतकांचा व्यवहार दडलेला असतो. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, पाणी कोठून येऊ लागले, गावच्या दैवताचे काय झाले आणि जे लोक तेथे पूर्वीपासून राहत होते त्यांच्या जागी कोण आले, हे प्रश्न विचारल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात मुंबई बेटावरील परळ या गावाच्या संदर्भात हे प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

परळची निवड करण्यास विशेष कारण आहे. पुण्याजवळचे भांबुर्डे किंवा मुंबईच्या उत्तरेची उपनगरे यांच्याबाबत शहराची हद्द अमुक वर्षी वाढली आणि गाव नगरपालिकेत आले, असे सांगता येते. परळच्या बाबतीत तसे घडलेले नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई बेट हे आरंभापासूनच एका सत्तेखाली होते, आणि १८६५ व १८८८ च्या नगरपालिकाविषयक कायद्यांना बेटातील गावे वेगळी जोडून घेण्याची गरज पडली नाही. त्यामुळे परळ हे गाव नाहीसे झाल्याचा कोणताही हुकूम नाही. तरीही ते नाहीसे झाले, हे कोणी नाकारणार नाही. ज्या घटनेची तारीख नाही, तिचा इतिहास कसा लिहावा, हा या निमित्ताने आपल्यापुढे येणारा पद्धतीचा प्रश्न आहे.

(२)

मुंबईच्या ज्या सात बेटांचा नेहमी उल्लेख होतो त्यांपैकी परळ हे एक. बेटाच्या मध्यभागी, पूर्वेस शिवडीची खाजणे आणि पश्चिमेस वरळीपर्यंत पसरलेली पाणथळ जमीन, अशा जागी हे गाव वसले होते. त्याच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. पाडळ नावाच्या वृक्षावरून हे नाव पडले, ही एक. परळी वैजनाथाच्या देवालयावरून ते आले, ही दुसरी. कोणत्याही एका व्युत्पत्तीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. मात्र दुसरीच्या संदर्भात एका कोरीव लेखाची दखल घेणे अगत्याचे आहे.

हा लेख म्हणजे परळ येथे सापडलेला उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील अपरादित्य राजाचा शिलालेख. तो बाराव्या शतकाच्या अखेरचा आहे. षट्षष्टी म्हणजे साष्टीशी संबंधित अशा माहवली गावातील एका वाडीच्या उत्पन्नातून चोवीस द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेकरिता लावून दिल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृत असून अखेरचे शापवचन लोकभाषेत, म्हणजे तत्कालीन मराठीत आहे. या कारणाने मराठी भाषेच्या आरंभकाळाच्या अभ्यासकांना तो चांगला परिचित आहे. लेखातील वैद्यनाथ दर्भावतीचा असल्याने त्यावरून परळ नावाची उपपत्ती सिद्ध होते असे म्हणता येत नाही. परंतु वाडीचे ठरीव उत्पन्न, ते रोख नाण्यांत मोजण्याची रीत आणि दानाचे रक्षण करण्यासाठी लोकांना समजेल अशा भाषेत घातलेला शाप, या तीन गोष्टींवरून हा प्रदेश त्या काळी ओसाड कोळीवस्तीचा नव्हता, तर बागायत, करवसुली आणि देवस्थाने असलेला, सुव्यवस्थित असा होता, हे निःसंशय दिसते.

याहूनही जुना पुरावा १९३१ मध्ये उजेडात आला. रस्त्याचे काम चालू असताना एक प्रचंड शिवशिल्प जमिनीतून बाहेर निघाले. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या या एकाच शिळेवर मध्यभागी एकावर एक अशा तीन आणि दोन्ही बाजूंना चार अशा सात आकृती कोरलेल्या आहेत. खालच्या भागात गण वाद्ये वाजवीत आहेत. शिल्प काही अंशी अपूर्ण राहिले आहे. शैलीवरून ते इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानले जाते, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या काळाच्या आसपास त्याचे स्थान येते. हे शिल्प आज बारादेवीच्या देवळात आहे, आणि त्याची प्रतिकृती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. गिरण्यांच्या धुराड्यांनी आकाश भरून गेलेल्या काळात, ज्या वस्तीला आपण पूर्णपणे आधुनिक समजत होतो तिच्या रस्त्याखाली चौदाशे वर्षांपूर्वीचा देव होता, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

(३)

१५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अधीन असलेली बेटे पोर्तुगीजांकडे आली. जुआंव द कास्त्रो हा व्हाइसरॉय असताना, १५४५ ते १५४८ या काळात, परळ, वडाळा, शीव आणि वरळी ही गावे मानुएल सेराव याला देण्यात आली. येथपासून परळच्या जमिनीवर एक नवा थर चढला. कुणबी, आगरी, भंडारी व कोळी हे पूर्वीप्रमाणेच भात पिकवीत, मीठ काढीत, माडी उतरवीत आणि मासे धरीत राहिले. त्यांच्या श्रमाच्या फळातील हिस्सा मात्र आता दूरस्थ जमीनदाराकडे जाऊ लागला. याच काळात ख्रिस्ती धर्मसंघांनीही बेटावर मोठी मालमत्ता मिळविली आणि परळ येथे एक प्रार्थनामंदिर व मठ उभा राहिला.

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये देण्यात आला आणि १६६८ मध्ये तो कंपनीकडे गेला. या हस्तांतराच्या वेळी 'मुंबई' म्हणजे नेमके काय, यावर वाद माजला. दक्षिणेकडील मूळ बेटापुरताच करार आहे, असे पोर्तुगीजांचे म्हणणे होते. माहीम आणि त्याच्या आश्रयाची गावे त्यात येतात, असे इंग्रज म्हणत होते, आणि अखेरीस त्यांचेच चालले. म्हणजे आज ज्याला आपण शहराच्या हृदयस्थानी असलेला भाग समजतो, तो शहरात मोडतो किंवा नाही, हाच त्या वेळी दोन सत्तांमधील तंट्याचा विषय होता.

जेरल्ड आँजिये याने जमीनदारांशी केलेल्या समेटानुसार दरसाल वीस हजार शेराफिनांच्या मोबदल्यात त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे कायम झाल्या. या समेटाकडे सामान्यतः कंपनीच्या शहाणपणाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. गावांच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा होता. वरची सत्ता बदलली तरी गावातील जमिनीची घडी तशीच राहिली. ती मोडली १६८९-९० च्या सिद्दीच्या स्वारीनंतर. शत्रूस साहाय्य केल्याचा ठपका जेसुइटांवर आला, त्यांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात परळची वास्तू कंपनीच्या हाती गेली.

(४)

परळच्या विलयाचा पहिला टप्पा येथे सुरू होतो, असे मला वाटते. जप्त केलेल्या मठाचे रूपांतर क्रमाक्रमाने गव्हर्नरच्या निवासस्थानात झाले. विल्यम हॉर्नबी हा तेथे राहणारा पहिला गव्हर्नर मानला जातो. जुन्या प्रार्थनामंदिराच्या जागी भोजनगृह व नृत्यशाळा आली. किल्ल्यातील उकाडा व गर्दी यांपासून दूर, बागबगीच्यांनी वेढलेले हे निवासस्थान पुढे शंभराहून अधिक वर्षे मुंबई इलाख्याच्या सत्तेचे केंद्र राहिले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आला तेव्हा त्याचाही मुक्काम येथेच होता.

गव्हर्नर आला म्हणजे शहर आले, असे नव्हे. उलट, परळ गाव होते म्हणूनच गव्हर्नर तेथे आला. गावाचा गावपणा हाच त्याच्या दृष्टीने मोलाचा होता. परंतु त्याच्या येण्याने दोन गोष्टी घडल्या. किल्ल्यापासून परळपर्यंत गाड्या जाण्याजोगा रस्ता अत्यावश्यक झाला. 'परळ रोड' या नावाने ओळखला गेलेला हा मार्ग म्हणजेच स्थूलमानाने आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्ता. शिवाय या रस्त्याच्या कडेने युरोपीय अधिकारी आणि धनिक व्यापारी यांचे बंगले व बागा उठल्या. आज लालबाग म्हटले की बागेची आठवण कोणाला होत नाही, पण नावात ती शिल्लक आहे. भोईवाडा या नावात पालखी वाहणारे भोई शिल्लक आहेत, चिंचपोकळीत चिंच आहे आणि पोयबावडीत विहीर आहे. शहराने जमीन घेतली, पण तिची नावे बदलण्याचे श्रम त्याने घेतले नाहीत. त्यामुळे दप्तरात न सापडणारे गाव पत्त्यांत सापडते.

हॉर्नबीच्या नावाशी आणखी एक काम निगडित आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरत असे. ते अडविणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. त्यामुळे परळ, वरळी आणि माझगाव यांच्या मधली पाणथळ जमीन हळूहळू लागवडीखाली आली. १८०३ मध्ये शीव येथील बांधरस्त्याने मुंबई बेट साष्टीला जोडले गेले. बेट असलेले परळ आता दोन जमिनींच्या मधला प्रदेश झाले. येथून पुढे कोकण, घाट आणि गुजरात यांकडून खुष्कीने येणारी वाट त्याच्या अंगावरूनच जाणार होती.

बांधामुळे निर्माण झालेल्या नव्या जमिनी लोकांनी कसाव्यात म्हणून त्या अल्प आकारावर देण्यात आल्या. 'फोरास' हा त्या आकाराला लावलेला शब्द पोर्तुगीज अमदानीतून आलेला आहे. या जमिनींवर सरकारचा हक्क कितपत आणि कसणाऱ्याचा कितपत, याविषयी दीर्घकाळ वाद चालला. १८५१ च्या कायद्याने कब्जेदारांचे हक्क मान्य करून तो मिटविला. शेतकऱ्याच्या हिताचा वाटावा असा हा कायदा होता, आणि एका अर्थाने तो तसा होताही. परंतु ज्या जमिनीवरचा हक्क निर्विवाद असतो तीच जमीन निर्विवादपणे विकताही येते. कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली, आणि १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापडाच्या पहिल्या गिरणीची कंपनी स्थापन केली. ताडदेव येथील ही गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. हक्काची स्पष्टता, लोहमार्ग आणि यंत्र ही एकाच दशकात आली. गावाचे भवितव्य या तिघांनी मिळून ठरविले. त्यांपैकी एकही गोष्ट गाव बुडविण्याच्या हेतूने झालेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

(५)

गिरण्या परळकडे का आल्या, याचे उत्तर अवघड नाही. दक्षिणेकडील शहर दाट झाले होते. उत्तरेस जमीन स्वस्त होती. दोन्ही लोहमार्ग जवळून जात होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहराला मिळू लागले, पुढे १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. विहिरींवर व तळ्यांवर अवलंबून असलेल्या गावाला जेवढी वस्ती पोसता आली असती, तिच्या मर्यादा नळाने पुसून टाकल्या. १८७० नंतरच्या दशकात दोन्ही रेल्वे कंपन्यांचे कारखाने परळ आणि लोअर परळ येथे उभे राहिले. त्यांच्या भोवती एकामागून एक गिरण्या आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, शिवडी, वरळी या पट्ट्यात होत्या. या पट्ट्याला लोकांनी 'गिरणगाव' हे नाव दिले. गाव बुडवून जे निर्माण झाले त्याला पुन्हा 'गाव'च म्हटले गेले, यात भाषेचा केवळ अपघात नाही. त्याचे विवेचन पुढे येईल.

गव्हर्नरला परळ सोडावे लागले तेही याच सुमारास. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंट येथे स्थिर झाले. जी जागा शहराच्या रोगराईपासून दूर म्हणून निवडली होती, तीच आता रोगट ठरली. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत घसरली. माणसे मेली, आणि त्याहून अधिक शहर सोडून गेली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या त्याच जुन्या सरकारी निवासस्थानात आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. मठ, राजभवन आणि प्रयोगशाळा असे एकाच वास्तूचे तीन अवतार परळच्या इतिहासाचे तीन अध्याय सांगतात.

या प्रयोगशाळेच्या शेजाराने परळला दुसरे एक रूप आले. १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालेच होते. १९२५ मध्ये शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय आणि वाडिया प्रसूतिगृह, आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय अशा संस्था येथे आल्या. खेड्यापाड्यांतून दुखणे घेऊन मुंबईस येणाऱ्या महाराष्ट्रातील माणसाच्या तोंडी 'परळला नेले' या शब्दांना जो अर्थ आला, तो या संस्थांनी दिलेला आहे.

(६)

गिरण्यांत काम करण्यास जे लोक आले ते परळचे नव्हते. १९२१ च्या जनगणनेनुसार शहरातील दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती, आणि त्यांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील लोक दोन लाखांहून अधिक होते. सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर या बाजूंनी घाटावरचे लोक आले, तसे उत्तर हिंदुस्थानातूनही आले. मूळ गावाची वस्ती या लोंढ्यात मूठभर उरली. लोकवस्तीच्या दृष्टीने गाव येथे संपले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या नव्या वस्तीची रचना पाहिली म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. कोकणातून आलेला तरुण प्रथम आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत उतरत असे. एकेका गावाच्या खोल्या ठरलेल्या असत. दहा-बारा किंवा त्याहून अधिक माणसे एका खोलीत पाळीपाळीने झोपत. एकाची रात्रपाळी संपली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. जेवणाची सोय खाणावळ चालविणाऱ्या बायांकडे असे, आणि त्यांतील कित्येक विधवा किंवा पतीचा आधार तुटलेल्या असत. नोकरी मिळावयाची ती जॉबरच्या ओळखीने, आणि जॉबर बहुधा आपल्याच मुलखाचा. गावाच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, मयताची मदत यांसाठी वर्गणी गोळा करणारी ग्रामस्थ मंडळे याच चाळींत बसत. शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणे हा रजेचा नव्हे तर धर्माचा भाग होता. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कामगारांचा गावाशी असलेला हा संबंध मागासलेपणाचे लक्षण नसून शहरात टिकून राहण्याचे साधन होते, हे साधार दाखविले आहे. संपाच्या काळात ज्याचे गाव होते तो अधिक दिवस तग धरू शकत असे. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला, त्यामागील एक बळ हे होते.

म्हणजे परळ हे एक गाव नाहीसे झाले, आणि त्याच्या जमिनीवर शेकडो गावे खोल्याखोल्यांतून येऊन बसली. गिरणगाव या शब्दातील 'गाव' हे या अर्थाने खरे आहे. त्याचे स्वतःचे सार्वजनिक जीवनही होते. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्य, दामोदर हॉलमधील नाटके, कामगार मैदानावरील सभा, दळवी बिल्डिंगमधील युनियनची कचेरी, भजनी मंडळे, दशावतार, तमाशाचे फड आणि व्यायामशाळा यांतून ते घडले. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळ येथील चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनेक वर्षे वास्तव्य होते, आणि त्यांच्या चळवळीच्या आरंभीच्या काळाला या वस्तीची पार्श्वभूमी आहे. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या. प्रथम कारागृहासारख्या भासणाऱ्या या इमारतींत तीन-चार पिढ्यांनी संसार केले.

दैवतांचीही अशीच पुनर्मांडणी झाली. बारादेवी गावची म्हणून राहिली. परंतु लालबाग-परळच्या सार्वजनिक गणेशोत्सवाला जे महत्त्व आले ते नव्या वस्तीचे होते. १९३२ मध्ये पेरू चाळीतील बाजार बंद पडला, तेव्हा तेथील कोळी व अन्य विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, आणि १९३४ मध्ये लालबागच्या बाजारात गणपतीची स्थापना केली. ज्यांना शहरात बसावयास जागा नव्हती त्यांनी देवाला साक्षी ठेवून ती मिळविली, असा या उत्सवाचा मूळ अर्थ आहे. तो आजच्या झगमगाटात सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

(७)

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेण्यात आला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. येथे एका साम्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्याप्रमाणे परळ गावाच्या अखेरीची तारीख नाही, त्याप्रमाणे गिरणगावाच्या अखेरीचीही नाही. दोन्हींचा शेवट जाहीर झाला नाही, तो हळूहळू लोकांच्या लक्षात आला.

यानंतर प्रश्न पुन्हा जमिनीचा झाला. शहरातील ५८ गिरण्यांकडे सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ती विकसित करण्यास वाट मोकळी केली. मोकळी जागा आणि सार्वजनिक घरे यांसाठी त्यातील मोठा वाटा देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता ठरला, आणि त्यामुळे तो अतिशय आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली. १८५१ च्या कायद्यात आणि या नियमात दीडशे वर्षांचे अंतर आहे. परंतु दोहोंचे कार्य सारखेच आहे. दोहोंनी जमिनीला तिच्यावरील श्रमापासून मोकळे केले. पहिल्याने भातखाचरे गिरण्यांना मिळाली, दुसऱ्याने गिरण्या मनोऱ्यांना आणि बाजारसंकुलांना मिळाल्या.

रस्ते आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. भोंग्याच्या वेळी कामावर जाणाऱ्या मजुरांसाठी पुरेशी असलेली वाट, कचेऱ्यांच्या वेळी येणाऱ्या लोंढ्यास पुरली नाही. भूतकाळ हा केवळ स्मृतीत राहत नसून तो दगडाविटांच्या रुंदीत राहतो, याचा इतका दुःखद पुरावा दुसरा नसावा.

(८)

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, गावाचा विलय ही एक घटना नसते. परळच्या बाबतीत सत्ता, जमीन, पाणी, वस्ती आणि दैवत ही गावपणाची पाच अंगे मानली, तर त्यांपैकी प्रत्येकाचा क्षय निराळ्या वेळी झाला. सत्ता सोळाव्या शतकातच गेली. जमीन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गेली, तिच्या पाठोपाठ पाण्याचे स्वावलंबन आणि वस्तीचे बहुमत गेले. दैवत अद्याप आहे. म्हणून एखाद्या गावाविषयी 'ते शहरात केव्हा विलीन झाले' असे विचारण्याऐवजी 'त्याचे कोणते अंग केव्हा विलीन झाले' असे विचारणे अधिक फलदायी ठरते. भांबुर्डे, दादर, माझगाव अशा अन्य गावांच्या अभ्यासालाही ही कसोटी लावून पाहता येईल.

दुसरा निष्कर्ष अधिक नाजूक आहे. परळविषयी बोलताना प्रत्येक पिढी 'मूळचे परळ' गेल्याची खंत करते. आज ती खंत गिरणगावासाठी आहे. परंतु गिरणगाव ज्यावर उभे राहिले ते बागांचे आणि बंगल्यांचे परळ होते. बागा ज्यावर उभ्या राहिल्या ती भातशेती होती, आणि भातशेतीखाली एक शिवशिल्प पुरले गेले होते. तेव्हा मूळचे कोण, हा प्रश्न इतिहासाला विचारू नये. इतिहास त्याचे उत्तर देत नाही, आणि जे देतात ते इतिहास सांगत नसतात. त्याऐवजी प्रत्येक स्थित्यंतरात जे विस्थापित झाले त्यांना काय मोबदला मिळाला, हे मात्र इतिहासाला विचारता येते, आणि त्याचे उत्तर तो देऊ शकतो. परळच्या चारही स्थित्यंतरांत ते उत्तर सारखेच लाजिरवाणे आहे.

तिसरी गोष्ट अभ्यासकांच्या कर्तव्यासंबंधी. शिलाहारकालीन वाडीचे उत्पन्न किती होते ते आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते दगडावर कोरले. गिरणगावातील एका खोलीची व्यवस्था कशी होती, वर्गणीच्या वहीत कोणाची नावे होती, खाणावळीचा हिशेब कसा ठेवला जाई, यांची साधने कागदावर आहेत आणि कागद चाळींच्या पुनर्विकासाबरोबर रद्दीत जात आहेत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील लोकांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये जो मौखिक इतिहास प्रसिद्ध केला, त्याने या कामाची दिशा दाखविली आहे. ज्यांनी संप पाहिला त्या पिढीतील माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ग्रामस्थ मंडळांच्या वह्या, चाळ समित्यांची कार्यवृत्ते, गणेशोत्सव मंडळांचे जमाखर्च आणि कौटुंबिक पत्रव्यवहार यांचा संग्रह करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्याला मोठ्या निधीची नव्हे, तर चिकाटीची आणि लोकांच्या घरी जाऊन बसण्याच्या तयारीची गरज आहे.

बारादेवीच्या देवळातील शिल्प जवळजवळ चौदाशे वर्षे टिकले, कारण ते पाषाणाचे होते आणि बराच काळ जमिनीखाली होते. वर्गणीच्या वह्यांना हे दोन्ही लाभ नाहीत. त्यांचे रक्षण व्हावयाचे असेल तर ते आपल्या हयातीतच झाले पाहिजे.